ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी: इंदूरच्या मराठी घरांसाठी

"एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, तुमचं नाव घालायचं का?" असं डॉक्टरांनी विचारलं की घरात लगेच दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं, आपल्या माणसावर प्रयोग कशाला? दुसऱ्याचं, महागडं औषध फुकट मिळतंय, तपासण्याही फुकट, मग अडलंय कुठे? दोन्ही मतं कागद उघडण्याआधीच ठरलेली असतात. रुग्ण माहितीपत्रक आणि त्याला जोडलेलं संमतिपत्र मिळून हा कागद बऱ्याचदा पंधरा-वीस पानांचा होतो. तो वाचायला आणि घरच्यांशी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला पुरेसा वेळ मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. "आजच सही करा, जागा संपतायत" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, उद्या येतो.

इंदूरकरांनी हे विशेष मनावर घ्यावं, कारण आजच्या नियमांच्या मुळाशी हेच शहर आहे. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली औषध चाचण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, त्याच वर्षी न्यायालयाने संमतीच्या ध्वनिचित्रमुद्रणाचा आदेश दिला आणि मार्च २०१९ मध्ये 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' लागू झाले. खाली जिथे जिथे 'नियम' म्हटलं आहे तिथे हे २०१९ चे नियम समजा.

आधी पक्कं करा, ही खरंच ट्रायल आहे का

भारतात होणारी प्रत्येक औषध चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, या सरकारी नोंदवहीत असावी लागते. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. नोंदणी क्रमांक 'सीटीआरआय/वर्ष/महिना/सहा अंक' असा दिसतो. माहितीपत्रकावर तो छापलेला नसेल तर स्टडी कोऑर्डिनेटरकडून लिहून घ्या. त्यांना तो शोधावा लागत नाही, फाइलीच्या पहिल्या पानावरच असतो.

संकेतस्थळावर 'ट्रायल सर्च'मध्ये क्रमांक टाकला की पान उघडतं. क्रमांक नसेल तर शोध घेताना लोक हमखास अडकतात, कारण ते औषधाचं ब्रँडनाव टाकतात. नोंद जेनेरिक नावाने असते, आणि औषध अगदी नवं असेल तर कंपनीच्या सांकेतिक नावाने, म्हणजे दोन-तीन अक्षरं आणि पुढे आकडे. रोगाचं इंग्रजी नाव आणि शहराचं नाव घालून शोधलं की बहुतेक वेळा सापडतं. इंदूरचं इंग्रजी स्पेलिंग शेवटच्या 'ई'सकट घाला.

पान उघडल्यावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यास नैतिक आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीच्या, रकान्यात तुमच्या रुग्णालयाच्या कमिटीपुढे 'अप्रूव्ह्ड' लिहिलेलं आहे का ते पाहा. दुसऱ्या शहरातल्या कमिटीची मंजुरी इथल्या केंद्राला चालेल की नाही याला नियमात अटी आहेत, म्हणून नाव दिसलं नाही तर विचारलंच पाहिजे. त्याखाली डीसीजीआयचा, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकाचा रकाना असतो. नव्या औषधासाठी ती परवानगी लागतेच. आधीच बाजारात असलेल्या औषधावर एखाद्या प्राध्यापकाने चालवलेला शैक्षणिक अभ्यास असेल तर अटींच्या चौकटीत एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते, त्यामुळे तिथे 'नॉट ॲप्लिकेबल' दिसलं म्हणून घाबरू नका. मग आपल्या केंद्राचं नाव 'साइट्स'च्या यादीत आहे ना, आणि भरती अजून चालू आहे ना, हे पाहा.

पैसे मागितले तर तिथेच थांबा. संशोधनासाठी लागणारं औषध, तपासणी आणि प्रक्रिया यांचा खर्च सहभागी रुग्णाने करायचा नसतो, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, नावाखाली गुडघा, मधुमेह, पक्षाघात, स्वमग्नता अशा सगळ्यांवर इंजेक्शनं विकली जातात आणि वर 'रिसर्च चालू आहे' असं सांगितलं जातं. परिषदेच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या विशिष्ट आजारांतलं अस्थिमज्जा किंवा रक्तातल्या मूळपेशींचं प्रत्यारोपण तेवढं मान्य उपचार आहे. बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतं, आणि तेही रुग्णाकडून पैसे न घेता. लाखाची पावती फाडून 'ट्रायल' चालवणारा माणूस रुग्णाच्या असहायतेचा धंदा करतो आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो.

एक ओळ सगळ्यांत आधी वाचा

ती ओळ म्हणजे 'प्रायमरी आउटकम'. सीटीआरआयच्या पानावर ती स्वतंत्र रकान्यात असते. माहितीपत्रकात ती 'अभ्यासाचा मुख्य उद्देश' या नावाखाली, जरा सौम्य करून लिहिलेली असते. म्हणून पानावरचीच वाचा. यशापयश कशावर मोजणार हे तिथे ठरलेलं असतं. वीस पानांतली ही एक ओळ समजली तर ट्रायल निम्मी समजली.

कोणत्याही नव्या उपचारामागे तीन कड्या असतात. औषध शरीरात एखाद्या ठिकाणी जाऊन काहीतरी बदलतं. त्या बदलाने रोगाची यंत्रणा अडते. यंत्रणा अडल्याने रुग्णाला बरं वाटतं किंवा तो जास्त जगतो. वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या कडीची असते, रुग्णाला हवी असते तिसरी. प्रायमरी आउटकममध्ये रक्तातला आकडा, स्कॅनवरचा डाग, गाठीचा आकार असं काही असेल तर ती ट्रायल दुसरी कडी मोजते आहे. मृत्यू, हार्ट अटॅक, दवाखान्यात दाखल व्हावं लागणं, चालता येणं, दुखण्याचे झटके असं काही असेल तर तिसरी.

दुसरी कडी पक्की असूनही तिसरी तुटते, आणि ते किती महागात पडू शकतं याचं उदाहरण टॉरसेट्रापिब. रक्तात एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो हे निरीक्षण जुनं आणि भक्कम होतं. हे औषध सीईटीपी नावाचं प्रथिन अडवून एचडीएल वाढवतं, हेही सिद्ध होतं. सुमारे १५ हजार रुग्णांच्या ट्रायलमध्ये एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं आणि 'वाईट' एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं. असा लॅबचा रिपोर्ट हातात पडला तर घरात पेढे वाटले गेले असते. पण औषध घेणाऱ्या गटात ९३ जण दगावले, न घेणाऱ्यांत ५९. डिसेंबर २००६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली. हे औषध रक्तदाब वाढवत होतं आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाणही चढवत होतं, म्हणजे यंत्रणेच्या ज्या टोकाकडे लक्ष होतं त्याच्या पलीकडेही त्याचा हात पोचला होता. त्याआधी १९८९ मध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या औषधांचंही असंच झालं. हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांत ठोके सुधारले आणि मृत्यू वाढले.

साखळी पूर्ण जुळते तेव्हा कसं दिसतं, ते सिकल सेलच्या बाबतीत पाहा. झाबुआ-आलीराजपूरच्या आदिवासी पट्ट्यातून इंदूरला उपचाराला येणाऱ्यांत आणि विदर्भातून इथे स्थायिक झालेल्या काही घरांतही हा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबून हाडं-पोट असह्य दुखतात. गर्भातलं हिमोग्लोबिन या दोऱ्यांत सामील होत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवतं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या ट्रायलमध्ये मोजलं काय, तर दुखण्याचे झटके. औषध न घेणाऱ्यांत वर्षाला मध्यक ४.५ झटके आले, घेणाऱ्यांत २.५. रुग्णाला जे भोगावं लागतं तेच मोजलं, म्हणून हा निकाल आजही उभा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारित जनुकीय उपचार हेच गर्भातलं हिमोग्लोबिन दुसऱ्या वाटेने वाढवतो. रुग्णाच्या मूळपेशी काढून त्यांतल्या, गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचं नियंत्रण कापलं जातं. पण त्यासाठी आधी ब्युसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने जुनी मज्जा रिकामी करावी लागते आणि त्यात मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. जनुकीय उपचाराच्या ट्रायलचा कागद वाचताना तरुण रुग्णाच्या घरच्यांनी हे पान सर्वांत आधी काढावं.

तिसरी कडी मोजलेली असली तरी फरक केवढा, हा प्रश्न उरतोच. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅबची बातमी 'ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला' अशी आली होती. तो निकाल असा वाचावा: १८ गुणांच्या मोजपट्टीवर १८ महिन्यांत औषध न घेणारे १.६६ गुणांनी बिघडले, घेणारे १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. त्याच वेळी घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, न घेणाऱ्यांत १.७ टक्के. या आजारात मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन मात्र औषधाने खरोखरच धुऊन काढलं होतं. टक्केवारी ऐकली की लगेच विचारा, "म्हणजे शंभर जणांत किती?" किंवा "किती गुणांतले किती?" हा प्रश्न विचारायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही आणि चांगला डॉक्टर त्याचं उत्तर आनंदाने देतो.

कर्करोगाच्या ट्रायलमध्ये 'प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल' आणि 'ओव्हरऑल सर्व्हायव्हल' हे शब्द येतात. पहिल्याचा अर्थ रोग वाढल्याशिवाय गेलेला काळ, दुसऱ्याचा प्रत्यक्ष आयुष्य. पहिलं वाढून दुसरं तितकंच राहणं अनेकदा घडतं. प्रायमरी आउटकममध्ये कोणतं आहे ते पाहून ठेवा.

माहितीपत्रक दोन बैठकांत वाचा

पहिल्या बैठकीत फक्त पेन्सिलने खुणा करा, समजून घ्यायला थांबू नका. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, घरातलं दुसरं कुणीतरी बरोबर घेऊन. आमचा सल्ला असा की रुग्णाची रोजची औषधं जो भरून ठेवतो, मग ती सून असो की नातू, त्याने या बैठकीला बसावंच. पुढची सगळी कसरत त्याच्यावर पडणार असते.

फेज कोणती हे आधी पाहा. पहिल्या फेजमध्ये साधारण वीस ते ऐंशी जणांत फक्त सुरक्षितता आणि मात्रा तपासतात, तिथे रोग बरा होण्याची अपेक्षा धरू नका. दुसरीत शे-दीडशे ते तीनशे रुग्णांत परिणामाचा अंदाज घेतात. तिसरीत शेकडो ते हजारो जणांत प्रचलित उपचाराशी किंवा प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीशी, तुलना होते. चौथी म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरचा अभ्यास.

मग गट कसे पाडतात. रँडमायझेशन म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवणं. ते संगणक करतो, डॉक्टरांच्या ओळखीने बदलत नाही. तुम्हाला नवं औषध मिळेलच असं नाही, आणि डबल ब्लाइंड असेल तर तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. इथे कळीचा प्रश्न एकच: दुसऱ्या गटाला काय मिळतं? प्रचलित उपचार अधिक प्लासिबो, की नुसता प्लासिबो? चांगला उपचार उपलब्ध असताना तो बंद करून नुसता प्लासिबो देणार असतील तर का, ते लेखी असलं पाहिजे. 'वॉश-आउट' या शब्दाभोवती गोल करा. त्याचा अर्थ चालू असलेली औषधं काही आठवडे बंद. साखर किंवा रक्तदाब नीट ताब्यात नसलेल्या माणसाला हा काळ जड जाऊ शकतो. त्या दिवसांत आकडा किती चढला तर ट्रायलबाहेर काढून लगेच उपचार देणार, ही हद्द कागदात आकड्यात दिलेली असावी.

रक्त किती काढणार तेही मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं. ५ मिलि म्हणजे चहाचा एक चमचा. सगळ्या भेटींची बेरीज करा. रुग्ण आधीच रक्तक्षयाचा असेल तर ती बेरीज डॉक्टरांपुढे ठेवा. उरलेला नमुना साठवणं, पुढच्या संशोधनासाठी वापरणं, परदेशी पाठवणं यांसाठी वेगळी चौकट असते. तिथे 'नाही' म्हणूनही मुख्य ट्रायलमध्ये राहता येतं का, ते विचारा. बहुतेक वेळा येतं.

प्रवासखर्चाची रक्कम कागदावर हवी. धार, खंडवा, देवासहून सरवटे किंवा गंगवाल बसस्थानकावर उतरून, तिथून रिक्षाने, सोबत एक माणूस घेऊन यायचं असेल तर रुग्णाबरोबर सोबतीचाही खर्च मिळतो का हे आधीच ठरवून घ्या.

भाषा, साक्षीदार, सही

इंदूरच्या केंद्रांवर संमतिपत्र हिंदी आणि इंग्रजीत तयार असतं. आपल्या घरांतल्या बहुतेकांना हिंदी वाचता येतं, म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेला जातो. पण ज्या आजींचं सगळं आयुष्य मराठीत गेलं त्यांना 'सही समझ में आया?' या प्रश्नाला मान डोलावणं सोपं जातं, आणि धोका समजला की नाही हे त्यातून कळत नाही. नियमाप्रमाणे माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा, बिनतांत्रिक भाषेत मिळाली पाहिजे. मराठी प्रत मागता येते, मात्र तिला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि त्यात वेळ जातो. तोवर समजावून सांगणाऱ्याने मराठीत बोलावं असा आग्रह धरा. कुणी व्हॉट्सॲपवर स्वतः केलेला अनुवाद पाठवला तर समजण्यापुरता वापरा, सही मात्र मंजूर प्रतीवरच. मंजूर प्रत ओळखायची खूण प्रत्येक पानाच्या तळाशी असते: आवृत्ती क्रमांक आणि तारीख. सगळ्या पानांवर ती एकच आहे ना, हे सही करण्याआधी पान उलटून तपासा. मधलंच एखादं पान जुन्या आवृत्तीचं निघतं, असं होतं.

समजलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. कागद मिटवून रुग्णालाच सांगायला लावा: मला काय देणार, किती महिने, काय होऊ शकतं, नको म्हटलं तर काय. चारांपैकी एकही उत्तर अडलं तर सहीचा दिवस पुढे ढकला.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो ट्रायलच्या टीमचा, कंपनीचा माणूस चालत नाही आणि त्याने सगळं समजावणं सुरुवातीपासून ऐकलेलं असावं लागतं. शेवटी येऊन सही ठोकणारा साक्षीदार निरुपयोगी. मुलांसाठी आई-वडिलांची संमती तर लागतेच, पण सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घेतात. बारा ते अठरा वयात तो लेखी असतो. नव्या रासायनिक घटकाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णांच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कॅमेरा समोर आला म्हणून प्रश्न विचारायचं थांबवू नका. तुमचे प्रश्न मुद्रणात असणं तुमच्याच कामाचं आहे.

सहीबरोबर तारीख स्वतःच्या हाताने घाला. संमतिपत्रात पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-नातं असे रकाने असतात. नॉमिनीचा रकाना रिकामा सोडून घरी येणारे पुष्कळ आहेत, आणि नुकसानभरपाईच्या वेळी हाच रकाना लागतो. नाव बँकेच्या पासबुकात जसं आहे तसंच लिहा. आधारवर हिंदी वळणाचं आडनाव आणि पासबुकात मराठी, असा फरक असेल तर तो आधी मिटवा. सही झालेल्या कागदाची प्रत आणि माहितीपत्रक दोन्ही घेऊनच उठा. त्यावर मुख्य संशोधकाचा चोवीस तास लागणारा फोन आणि एथिक्स कमिटीचा संपर्क आहे ना, हे तिथेच पाहा. फोन एकदा लावूनही बघा.

ट्रायल चालू असताना

भेटीच्या तारखेला थोडी सवलत असते, उदाहरणार्थ '२८ वा दिवस, तीन दिवस मागे-पुढे'. याच्या बाहेर गेलात तर 'प्रोटोकॉल डेव्हिएशन', म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यापासून ढळणं, अशी नोंद होते. लग्न, गावची जत्रा, रंगपंचमीची गेर हे सगळं आधीच कॅलेंडरवर बघून कोऑर्डिनेटरला सांगा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रात्रीच्या जेवणापासून आठ ते बारा तास फक्त पाणी, सकाळचे पोहे-जिलेबी रक्त दिल्यावर.

रिकाम्या स्ट्रिप, उरलेल्या गोळ्या, इंजेक्शनची वापरलेली पेनं फेकू नका. त्या मोजून पाहिल्या जातात, आणि ठरलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्क्यांहून कमी घेतल्या तर बऱ्याच ट्रायलमध्ये 'औषध नीट घेतलं नाही' असं धरतात. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. डायरीत तारीख-वेळ लिहा आणि फोन करा. खोटी खूण केली तर नुकसान दोघांचं, अभ्यासाचं आणि तुमचंही: मात्रा कमी पडत्ये म्हणून ती वाढवली जाऊ शकते आणि तुमच्याच शरीराला ते भोगावं लागतं.

इंजेक्शनचं औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असेल तर फ्रीजच्या दारात नको, कारण दार उघडताना तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. मागे टेकलेली पेनं गोठतात, आणि गोठलेलं प्रथिनजन्य औषध वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी निकामी असतं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. केंद्रावरून घरी नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि औषध यांमध्ये जाड नॅपकिन घाला.

सगळ्यांत जास्त लपवली जातात ती घरगुती औषधं. काढा, गुळवेलीचा रस, अश्वगंधा, संधिवाताचं चूर्ण. 'ते काही औषध थोडंच आहे' म्हणून सांगत नाहीत. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ट्रायलमध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, चढला आणि काढ्याचं कुणाला ठाऊक नसेल, तर दोष औषधाच्या माथी जातो आणि रुग्णाचं चांगलं चाललेलं औषध बंद होतं. पपनस आणि ग्रेपफ्रूटचंही सांगा. त्यांतली द्रव्यं आतड्यातलं सीवायपी३ए४ हे विकर अडवतात, त्यामुळे या विकराने मोडणाऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असे उपास धरणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेहाच्या ट्रायलमध्ये, पहिल्याच भेटीत ते सांगावं. दात काढायला गेलात तरी ट्रायलमध्ये असल्याचं सहभागी कार्ड आधी दाखवा.

त्रास झाला तर

दवाखान्यात दाखल व्हावं लागणं, दाखल असताना मुक्काम वाढणं, जिवावर बेतणं, कायमचं अपंगत्व, मृत्यू, बाळात जन्मजात दोष ही गंभीर प्रतिकूल घटना धरली जाते. कारण ट्रायलशी संबंधित वाटत नसलं, अगदी स्कूटरवरून पडून फ्रॅक्चर झालं असलं, तरी कळवा; संबंध आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. घटना घडल्यापासून २४ तासांत संशोधकाने केंद्रीय परवाना अधिकारी, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं असतं, आणि १४ दिवसांत विश्लेषणासह अहवाल द्यायचा असतो. तुम्ही फोनबरोबर एक लेखी मेसेजही पाठवा म्हणजे वेळ नोंदली जाते. दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालात तर डिस्चार्ज कार्ड, बिलं, तपासण्यांच्या प्रती जपा. डबल ब्लाइंड ट्रायलमध्येही जिवाला धोका असेल तर कोणतं औषध चालू होतं हे उघड करण्याची सोय असते. कार्डावरच्या क्रमांकावरून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते मागता येतं.

इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत, आणि गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर. नुकसानभरपाई वेगळी. औषधाचा दुष्परिणाम, प्रोटोकॉलचं उल्लंघन, निष्काळजीपणा, ट्रायलमधल्या तपासणी-प्रक्रियेची इजा, आणि प्लासिबो गटात उपलब्ध असलेला प्रचलित उपचार न दिल्याने झालेलं नुकसान, हे सगळं त्यात येतं. मृत्यू झाल्यास रक्कम एका सूत्राने ठरते: ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले धोक्याचा घटक, भागिले ९९.३७. साठाव्या वर्षी वयाचा घटक ११७.४१ असतो. धोक्याचा घटक मरणासन्न रुग्णासाठी ०.५ पासून निरोगी व्यक्तीसाठी ४ पर्यंत. मध्यम धोक्याच्या, म्हणजे २ घटकाच्या, साठ वर्षांच्या रुग्णासाठी हिशेब सुमारे १८ लाख ९० हजार रुपयांवर जातो. आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने पैसे द्यायचे असतात. वाद होतो तो बहुधा धोक्याच्या घटकावर, म्हणून ट्रायलमध्ये शिरतानाची प्रकृती दाखवणारे सुरुवातीचे सगळे रिपोर्ट घरच्या फाइलमध्ये ठेवा.

बाहेर पडणं आणि संपल्यानंतर

ट्रायल कधीही, कारण न देता सोडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातल्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. मात्र औषध परस्पर एकदम बंद करू नका. स्टेरॉइड, बीटा ब्लॉकर, अपस्माराची औषधं टप्प्याटप्प्याने उतरवावी लागतात. सोडताना शेवटची सुरक्षा तपासणी करून घ्या आणि आतापर्यंतची माहिती ते वापरणार आहेत का, नमुने नष्ट करायचे का, हे लेखी विचारा.

औषधाने खरोखर गुण आला आणि ट्रायल संपली तर पुढे काय, हे सही करतानाच विचारायचं असतं. नियमांत ट्रायलनंतर तेच औषध मोफत मिळण्याची वाट आहे: संशोधकाने शिफारस केली पाहिजे, एथिक्स कमिटीने मान्य केली पाहिजे, आणि त्या रुग्णासाठी दुसरा उपचार नसला पाहिजे. शिफारशीची विनंती शेवटच्या भेटीच्या आधी लेखी द्या, कारण केंद्र बंद झाल्यावर औषधाचा साठा परत जातो. कोणत्या गटात होतात आणि निकाल काय लागला, हेही मागता येतं. पण सगळ्या रुग्णांचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय गट उघडत नाहीत, त्याला कधी वर्षही लागतं. तोवर तोच सीटीआरआय क्रमांक टाकून पान पाहत राहा, निकाल छापून आला की 'पब्लिकेशन डिटेल्स'च्या रकान्यात त्याची नोंद होते.